टेपवरची नोएलीन

गाणं रेकॉर्ड करायचं म्हटलं की आधी फ्रिज बंद करायचा, हा आमच्या बँडचा पहिला नियम. नॉर्थ-ईस्ट व्हॅलीतल्या त्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघर सोडलं तर कुठल्याच खोलीत बोटं हलतील इतकी ऊब नसायची. म्हणून चार ट्रॅकचं रेकॉर्डिंग मशीन जेवणाच्या टेबलावर असायचं, आणि फ्रिज असा घुरघुरायचा की मायक्रोफोनला आमच्यापेक्षा तोच जास्त ऐकू जायचा. मग फ्रिज बंद. तो पुन्हा चालू करायची आठवण मात्र कुणालाच राहायची नाही. डनेडिनच्या थंडीतसुद्धा आम्ही दूध नासवून दाखवलं.

आम्ही तिघं होतो. नोएलीन मॅकफी गायची आणि गिटार वाजवायची, गाणीही तिचीच. तिचा धाकटा भाऊ स्ट्रुअन दुसरी गिटार वाजवायचा आणि मशीन सांभाळायचा. मी रेविन, ड्रमवर. सुराचं खातं त्या दोघांकडे आणि तालाचं माझ्याकडे, त्यामुळे सुराच्या भानगडीत मी कधी नाक खुपसलं नाही. बँडचं नाव 'स्पेअर हीटर', कारण त्या घरात आम्हाला सगळ्यात जास्त गरज त्याचीच होती.

पहिली कॅसेट झाली तिचं नाव 'फ्रिज बंद आहे'. ती बाजारात आणायला कुणी तयार नव्हतं, म्हणून आम्हीच आणली. दोन कॅसेट डेक शेजारी शेजारी ठेवायचे, एकात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी, आणि संपेपर्यंत बसून राहायचं. मी चॉकलेटच्या कारखान्यातली पाळी संपवून यायची, स्ट्रुअन टपालाच्या थैल्या उपसून यायचा, नोएलीन बालवर्गातल्या पोरांची नाकं पुसून यायची, आणि मग संध्याकाळभर आम्ही आमचीच गाणी ऐकत बसायचो. बटाट्याचा ठसा करून कव्हरं छापायचो. मला कारखान्यातून मोडक्या चॉकलेटची पिशवी मिळायची, तर प्रत्येक पाकिटात एक तुकडा टाकायचा, ही माझी अक्कल. टिमारूच्या एका माणसाने उत्तर लिहिलं, 'चॉकलेट उत्तम होतं. गाणीही बरी आहेत.'

मग विद्यापीठाच्या रेडिओवर कुणीतरी कॅसेटमधलं शेवटचं गाणं लावलं आणि लावतच राहिलं. त्याचं नाव 'ओले कपडे'. नोएलीन आणि स्ट्रुअनची आई गेली त्या दिवशी तिचे धुतलेले कपडे मागच्या दोरीवर तसेच राहिले होते, आणि कुणाचा हात लागेना म्हणून ते आठवडाभर भिजत होते, त्याचं गाणं. सुरुवातीला नुसता तिचा आवाज, वाद्यं नंतर. नेल्सनहून मागणी आली, गोरहून आली, मग थेट सातासमुद्रापलीकडच्या लीड्सहून आली. एकाने प्रत काढावी, तिची दुसऱ्याने काढावी, तिचीही तिसऱ्याने. ज्या गावांत आम्ही पाऊल टाकलं नव्हतं तिथे पोरांना आमची गाणी पाठ होती.

घोडं अडलं ते क्राइस्टचर्चला. आमचा पहिला बाहेरगावचा कार्यक्रम, जागा भरलेली. आम्ही नेहमीसारख्या गिटारी आपापसात लावून वाजवलं. संपल्यावर एक दाढीवाला पुढे आला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "चांगलं झालं हं. पण टेपवर जी जान आहे ना, ती नाही आली. जरा झोपेत असल्यासारखं वाटलं."

नोएलीनने ते मनाला लावून घेतलं. परतताना व्हॅनमध्ये ती म्हणाली, "त्याचं काय चुकलं? ते टेपवर प्रेम करतात. मग टेपसारखंच वाजवायचं. आजपासून स्टेजवर जायच्या आधी टेप लावायची आणि तिच्याशी गिटारी लावायच्या. आणि रेविन, तूही वेग तिच्याकडूनच घ्यायचा."

"टेप म्हणजे काय बायबल आहे?" मी म्हटलं.

"बायबल इतके लोक ऐकत नाहीत," ती म्हणाली. स्ट्रुअन गाडी चालवत होता. त्याने नजर रस्त्यावरून हलवली नाही.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. मुताऱ्यांशेजारच्या कुठल्यातरी कोंदट खोलीत स्ट्रुअनचा छोटा कॅसेट प्लेअर लावायचा, दोघांनी कान देऊन तारा पिळायच्या, मी मांडीवर ताल धरायचा, आणि मग बाहेर जायचं. लोक खूश. प्रत्येक वेळी जास्त लोक. आम्ही मात्र दिवसेंदिवस मोडत चाललो. स्ट्रुअनच्या गिटारची एखादी तार प्रत्येक कार्यक्रमात तुटायची आणि तो म्हणायचा, समुद्राची हवा. आम्ही समुद्रापासून कितीही आत असलो तरी समुद्राचीच हवा. माझी मनगटं अशी भरून यायची की दुसऱ्या दिवशी कारखान्यात मला पेट्या उचलवायच्या नाहीत. आपलीच गाणी वाजवताना नाकी नऊ यावेत, हे मला काही कळेना. मी तिशीही गाठली नव्हती, पण मनाशी म्हटलं, झालं, आपलं वय झालं.

सगळ्यात वाईट हाल नोएलीनचे. कार्यक्रमाआधी मीठ-पाण्याच्या गुळण्या, नंतर मध, आणि मधल्या वेळात गळ्याची शीर अशी ताठ की मागून मला दिसायची. सोमवारी वर्गात ती पोरांशी टाळ्या वाजवून बोलायची, कारण आवाज फुटायचाच नाही. शेवटी तिला मीच डॉक्टर लॉगनकडे ओढत नेलं. म्हातारे गृहस्थ. त्यांनी आरसा घालून घसा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"स्वरतंतूंवर गाठी आहेत," ते म्हणाले. "तुम्ही कुणाची नक्कल करता का गाताना?"

"नाही हो, माझीच गाणी आहेत," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"मग तुमच्या गळ्याला ती झेपत नाहीत. काही आठवडे तोंडातून शब्द नको, कुजबुजसुद्धा नको. नंतर बोलायला लागा, पण गाणं मी सांगेपर्यंत बंद."

ती बाहेर आली आणि व्हॅनच्या पायरीवर बसून रडली. गाणं माझं आणि गळाही माझा, तरी मला पेलत नाही, एवढंच तिला म्हणायचं असावं. बोलायला तर बंदीच होती.

आम्ही कार्यक्रम रद्द केले. गंमत बघा, नेमका त्याच दिवसांत ऑकलंडहून वॉरिक नावाच्या माणसाचा फोन आला. त्याची छोटीशी रेकॉर्ड कंपनी होती. 'फ्रिज बंद आहे'ची खरीखुरी तबकडी काढायची म्हणाला, फक्त आमच्या घरची कॅसेट नको, मशीनवरची मूळ टेप हवी, म्हणजे आवाज स्वच्छ येईल. मी घरभर नाचले. स्ट्रुअन म्हणाला, "शोधावी लागेल." आणि मग दोन आठवडे शोधतच राहिला.

एका रविवारी दुपारी मी आणि नोएलीन स्वयंपाकघरात होतो. तिला बोलायची परवानगी मिळून थोडे दिवस झाले होते, गायची नव्हती. बाहेर दक्षिणेचा गारठा आणणारा वारा खिडक्या हलवत होता. मी चीज रोल वळत होते. स्ट्रुअन कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेला होता.

"हा काय शोधतोय कोण जाणे," नोएलीन म्हणाली. "टेप तर बिस्किटांच्या डब्यात आहे." तिने कपाटावरचा डबा काढला, टेप मशीनमध्ये घातली आणि फ्रिज बंद केला. सवय, दुसरं काय.

'ओले कपडे' लागलं. आवाज आला तो एका पोक्त बाईचा. थोडा जड आणि अजिबात घाई नसलेला.

"मशीन दमलंय," मी म्हटलं. "आपल्यासारखंच. पट्टा ढिला झाला असेल."

"कोण गातंय हे?"

"कोण म्हणजे? तूच की."

ती मशीनजवळ सरकली. दुसऱ्या कडव्याला तिने नकळत हलकेच सूर मिळवला. मी तिला गप्प करणार होते, पण माझं लक्ष तिच्या गळ्याकडे गेलं. शीर ताठ नव्हती. आपण गाताना तोंड जसं सहज उघडतो, तसं तिचं उघडलं होतं, आणि हे मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात स्ट्रुअन दारात आला. हातात दुधाची बाटली, अंगावर ओला कोट. तसाच टेबलापाशी येऊन, बाटली खाली न ठेवता, त्याने मशीनवरची वेगाची गुंडी थोडी उजवीकडे फिरवली. तिथे पेन्सिलची एक बारीक रेघ होती. ती मी आजवर पाहिलीच नव्हती. गुंडी रेघेवर आली, आणि त्या बाईची एकदम तरुण मुलगी झाली. आमच्या कॅसेटवरची मुलगी.

"झालं बरोबर," तो म्हणाला, आणि लगेच त्याचे कान लाल झाले.

नोएलीन शांतपणे म्हणाली, "परत मध्ये आण."

त्याने आणली. बाई परत आली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच." तो बाटलीकडे बघत होता. "कॅसेटची बाजू संपत होती. साठ मिनिटांच्या कॅसेटचं अख्खं खोकं आपण आधीच आणून ठेवलं होतं, आठवतं ना? 'ओले कपडे'चं शेवटचं कडवं बाहेर राहत होतं. म्हटलं, कॅसेटवर उतरवताना सगळंच थोडं पळवलं तर मावेल. अर्धा सूर चढेल, कुणाला कळतंय."

"मला विचारायचं होतंस."

"तू म्हणाली असतीस, काप ते कडवं. तू कापतेस गं, तुला काही वाटत नाही. त्यात आईची निळी जर्सी आहे. मला नसतं कापता आलं."

"आणि मी टेपशी गिटारी लावायला सांगितल्या तेव्हा?"

त्याने बाटली दुसऱ्या हातात घेतली. मग माझाच तोल गेला. "समुद्राची हवा, नाही का रे? तारा समुद्राच्या हवेने तुटत होत्या! दर वेळी अर्धा सूर जास्त पिळत होतास, ठाऊक असताना. माझी मनगटं गेली, हिचा गळा गेला, आणि तू शेजारी उभा राहून बघत होतास?"

"तेव्हा लोक यायला लागले होते, रेविन," तो म्हणाला. "आणि ती गात होती. मला वाटलं, जमतंय तिला."

"मला जमत नव्हतं," नोएलीन म्हणाली.

मला वाटलं आता ती ती दुधाची बाटली त्याच्या डोक्यात घालेल. मी तरी घातली असती. पण ती खुर्चीवर बसली आणि गळ्यावर हात ठेवून गुंडीकडे बघत राहिली. "मला ती टेपवरची कधी माझी वाटलीच नाही," ती म्हणाली. "मी समजायचे, स्वतःचा आवाज कुणालाच आपला वाटत नाही. लोकांचा जीव जडलाय ती मी नाहीच, स्ट्रुअन. तू त्यांना दुसरीच कुणीतरी दिलीस."

चीज रोल करपले होते. आम्ही ते तसेच खाल्ले, कारण दुसरं काही नव्हतं.

तिने गुंडी मध्ये ठेवून मूळ टेप दुसऱ्या टेपवर उतरवली आणि वॉरिकला पाठवली. चार दिवसांनी त्याचा फोन. "टेप खराब झालीय का हो? तुम्ही दमल्यासारख्या वाटताय यात."

"दमलेच आहे," नोएलीन म्हणाली.

"पण लोकांना ती दुसरी माहितीय. ती पाठवा ना."

"थोडं थांबा," ती म्हणाली. "आधी मला एकदा माझ्या आवाजात गाऊन बघू द्या. लोकांना चाललं तर हीच काढायची."

डॉक्टर लॉगननी पुन्हा घसा पाहिला. "बऱ्याच अंशी सुधारलाय. खालच्या पट्टीत बेताने गा," ते म्हणाले. "पण वर चढलात तर पुढचं मी बघणार नाही. गाणं सोडाच, वर्गात गोष्ट सांगायलाही आवाज उरणार नाही, मिस मॅकफी. हे मी भीती घालायला बोलत नाहीये."

कार्यक्रम पोर्ट चाल्मर्सच्या हॉलमध्ये ठेवला, रविवारी दुपारी, म्हणजे पबमध्ये न येऊ शकणारी शाळकरी पोरंही येतील. इतकी गर्दी मी आमच्यासाठी कधी पाहिली नव्हती. गोरहून एक बस भरून आली होती. पोरींनी आमच्या बटाट्याच्या ठशासारखं चित्र जर्सीवर विणून आणलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही टेप लावली नाही. हॉलमधल्या पियानोशी गिटारी लावल्या. स्ट्रुअन एक तार लावायचा आणि बहिणीकडे बघायचा. तिने त्याच्याशी भांडण ठेवलं नव्हतं, आणि त्यामुळेच तो जास्त खचला होता.

वाजवायला लागलो आणि मला रडू आलं. खरंच आलं. मनगटं दुखत नव्हती. गाण्यांना मधे मधे श्वास घ्यायला जागा होती, मी ती जागा स्वतःच कधीतरी ठेवली होती आणि विसरून गेले होते. नोएलीनचा आवाज हॉलभर पसरत होता, कुठेही न ताणता. इतकं सुंदर ती कधी गायली नव्हती. आम्ही म्हातारे झालोच नव्हतो. आम्ही नुसते एका गुंडीच्या मागे धावत होतो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये कुणाच्या पोराने ऑर्गन वाजवल्यावर वाजवतात तशा. दोन-तीन गाण्यांनंतर मागून कुणीतरी हाक मारली, "जरा जागे व्हा की!" आणि काही जण हसले. वाईट हेतूने नाही. पुढच्या रांगेतल्या पोरी एकमेकींकडे बघत होत्या. पत्र्याच्या डब्यात आवडीचं बिस्किट शोधायला हात घालावा आणि सुईदोरा हाती लागावा, तशी त्यांची तोंडं झाली होती.

शेवटचं गाणं 'ओले कपडे'. नोएलीन पाणी प्यायला वळली, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका पोरीने ते आपणच सुरू केलं. तिच्या शेजारणीने साथ दिली, मग रांगेने, मग अख्ख्या हॉलने. किती लोक आणि किती हळुवार. आणि सगळे टेपच्या पट्टीत, अर्धा सूर वर. त्यांना तो सूर असा पाठ होता की कुणाला आधाराचीही गरज पडली नाही.

नोएलीनने पाण्याचा ग्लास ठेवला आणि आपल्या सुरात गाणं धरलं. दोन सूर एकमेकांवर घासले. मला सुरातलं काही कळत नाही, पण माझेही दात आंबले. लोकांना वाटलं, हिचाच सूर चुकतोय. बिचारी आजारी होती ना. म्हणून तिला मदत करायला ते आणखी जोरात गायला लागले.

ती थांबली. हात वर केला, तसा हॉलही थांबला.

"तुमचं बरोबर आहे," ती मायक्रोफोनमध्ये म्हणाली.

तारा दाबून सूर चढवायचा एक चिमटा असतो. तो स्ट्रुअनच्या ॲम्पवर पडला होता. ती गेली, उचलला, आणि गिटारच्या मानेवर पहिल्या घरात लावला. स्ट्रुअन तिच्या आडवा आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नको, नोएलीन. डॉक्टर काय म्हणाले ते विसरलीस? मी सांगतो त्यांना सगळं. आत्ता सांगतो, माझी चूक होती म्हणून."

"काय सांगशील? की त्यांना जे आवडतं ते खोटं आहे?" ती हळू बोलली, पण मला मागे ऐकू आलं. "अरे, ही पोरं माझ्याकडे आलीच नाहीयेत. टेपवरच्या त्या मुलीकडे आलीत. गोरहून आलीत, बघ. तिला यायला नको का?"

तो बाजूला झाला. मला त्याचा संताप आला, तिचाही आला, आणि पुढच्या रांगेतल्या त्या पोरींचा तर सगळ्यात जास्त, ज्यांनी काहीच केलं नव्हतं. जर्सी विणल्या होत्या, पदरमोड करून बस केली होती आणि मनापासून पाठ केलं होतं. कुणाला दोष द्यावा असा एकही माणूस त्या हॉलमध्ये नव्हता. एक होता, तर तो गिटार गळ्यात अडकवून भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

नोएलीनने माझ्याकडे वळून पाहिलं. "मोज, रेविन. टेपचा वेग."

मी काठ्या खाली टाकून उठून जाऊ शकत होते. खरी मैत्रीण उठली असती, असं मला तेव्हाही वाटलं. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की नाही म्हणवेना. वर्षानुवर्षं या लोकांनी यावं म्हणून आम्ही त्या थंड स्वयंपाकघरात बसलो होतो, आणि ते आले होते. तिने मान वर केली. गळ्याची शीर उभी राहिली. मी काठ्या एकमेकींवर आपटून चार मोजले, टेपवर आहेत तसेच, भराभर, आणि हॉल आनंदाने ओरडला.